इंग्रजी क्रियापद ओळखावे कसे?

प्रकारांची नावे पाठ असूनही वाक्य चुकते, कारण प्रकार शब्दाचा नसतो. वाक्यातील कामाचा असतो

वृत्तपत्राच्या कार्यालयात इंग्रजी वृत्तसंस्थांकडून येणाऱ्या बातम्या मराठीत करण्याचे काम रात्रंदिवस चालते. या कामात 'सँक' हे एक साधे क्रियापद घ्यावे. 'द बोट सँक' म्हणजे बोट बुडाली. 'द नेव्ही सँक द बोट' म्हणजे नौदलाने बोट बुडवली. शब्द तोच, रूपही तेच. पण पहिल्या वाक्यात दुर्घटना आहे आणि दुसऱ्यात कृत्य. मराठीला येथे 'बुडणे' आणि 'बुडवणे' अशा दोन निरनिराळ्या क्रियापदांतून निवड करावीच लागते. ती निवड घाईत चुकली तर अपघाताची बातमी हल्ल्याची होते किंवा हल्ला करणारा बातमीतून नाहीसा होतो. व्याकरण हा शाळेतच सोडून देण्याचा विषय आहे, असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा विचार करावा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी माध्यमाच्या शाळांतही पहिलीच्या वर्गापासून इंग्रजी शिकवले जाऊ लागले. त्याआधीच्या पिढ्यांनी पाचवीपासून इंग्रजी घेतले. दोन्ही पिढ्यांनी 'गो-वेंट-गॉन' घोकले आणि सकर्मक, अकर्मक, सहायक ही नावेही पाठ केली. ही नावे आपल्याला परकी नाहीत. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांच्या १८३६ मधील व्याकरणापासून ते मोरो केशव दामले यांच्या १९११ मधील 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पर्यंत त्यांची चर्चा झालेली आहे. मात्र, नाव ओळखीचे असले की वस्तूही ओळखीची आहे, असा समज होतो आणि नेमकी तेथेच गफलत होते. मराठीतील क्रियापदांची विभागणी आणि इंग्रजीतील विभागणी एकमेकींवर तंतोतंत बसत नाहीत. म्हणून शब्दांच्या याद्या पाठ करण्याऐवजी प्रत्येक प्रकाराची कसोटी हाताशी असणे अधिक उपयोगाचे ठरते.

मुख्य आणि सहायक

वाक्यातील प्रत्यक्ष क्रिया सांगणारे ते मुख्य क्रियापद आणि काळ, प्रश्न, नकार किंवा शक्यता दाखवण्यासाठी त्याला मदत करणारे ते सहायक क्रियापद, ही व्याख्या सर्वांना ठाऊक आहे. परंतु ती अर्थावर आधारलेली असल्याने प्रत्यक्ष वाक्यात फारशी कामाला येत नाही. त्यापेक्षा क्रियापद वागते कसे, हे पाहावे. ज्याच्या पाठोपाठ थेट 'नॉट' येऊ शकते आणि प्रश्न विचारताना जे उडी मारून कर्त्याच्या आधी जाऊन बसते, ते सहायक. 'शी इज सिंगिंग' या वाक्याचा प्रश्न 'इज शी सिंगिंग?' असा होतो आणि नकार 'शी इज नॉट सिंगिंग' असा. याउलट 'शी सिंग्ज' या वाक्याचा प्रश्न 'सिंग्ज शी?' असा होत नाही. तेथे 'डू' या मदतनिसाला बोलवावे लागते : 'डझ शी सिंग?'

भाषाशास्त्रज्ञ रॉडनी हडल्स्टन यांनी १९७० च्या दशकात या लक्षणांना 'नाइस' असे सुटसुटीत नाव दिले. त्यातील चार रोमन अक्षरे चार लक्षणांची आहेत. नकार आणि प्रश्न ही पहिली दोन. मुख्य क्रियापदाची पुनरुक्ती टाळून 'यस, शी कॅन' असे तोकडे उत्तर देता येणे हे तिसरे आणि 'शी इज कमिंग' म्हणताना 'इज'वर जोर देऊन 'येतेच आहे' असे ठासून सांगता येणे हे चौथे. ज्या क्रियापदाला ही चारही लक्षणे लागू पडतात ते सहायक.

या वर्गात 'बी', 'हॅव' आणि 'डू' ही तीन मूळ सहायक क्रियापदे आहेत. मात्र, ही तिन्ही दुहेरी भूमिका करतात. 'आय हॅव फिनिश्ड माय वर्क' यात 'हॅव' सहायक आहे. 'आय हॅव टू ब्रदर्स' यात तेच मुख्य क्रियापद आहे. 'आय डू माय वर्क' यात 'डू' मुख्य, तर 'डू यू वर्क?' यात सहायक. 'व्हॉट डू यू डू?' या चार शब्दांच्या प्रश्नात पहिला 'डू' मदतनीस आणि दुसरा मालक! 'बी'चे वागणे आणखी निराळे. 'ही इज अ डॉक्टर' या वाक्यात दुसरे क्रियापदच नाही, म्हणजे 'इज' मुख्यच. तरीही प्रश्न 'इज ही अ डॉक्टर?' असाच होतो, 'डू'ची गरज लागत नाही. मराठीतील 'आहे'सुद्धा 'तो डॉक्टर आहे' आणि 'तो जात आहे' अशी दोन्ही कामे करते, त्यामुळे हा भाग आपल्याला फारसा जड जाऊ नये.

जड जाते ते वेगळेच. 'आय डिड नॉट वेंट' हे वाक्य मराठी माणसाच्या तोंडून हमखास ऐकू येते. मराठीत 'मी गेलो नाही' म्हणताना भूतकाळ मुख्य क्रियापदातच राहतो आणि 'नाही' नुसते शेजारी येऊन बसते. इंग्रजीत 'डू' हजर झाले की काळाचा सारा भार तेच उचलते आणि मुख्य क्रियापद आपल्या मूळ रूपात परतते. म्हणून 'आय डिड नॉट गो'. एका वाक्यात भूतकाळाची खूण एकदाच. दुसरी चूक 'आय अॅम अॅग्री' ही. 'मी सहमत आहे' या वाक्यात 'सहमत' हे विशेषण असून 'आहे' हे क्रियापद आहे. इंग्रजीत मात्र 'अॅग्री' हेच क्रियापद असल्याने तेथे 'अॅम'ला जागाच उरत नाही.

सहायक क्रियापद ओळखता येण्याचा रोजच्या बोलण्यातला एक फायदा असा, की वाक्याच्या शेपटीला जोडायचा प्रश्न चुकत नाही. मराठीत सगळीकडे 'ना?' चालते. इंग्रजीत वाक्यातील सहायक क्रियापदच पुन्हा वापरावे लागते : 'यू आर कमिंग, आरन्ट यू?' आणि सहायक नसेल तर 'डू' : 'यू नो हिम, डोन्ट यू?' सर्वत्र 'इजन्ट इट?' लावणे ही आपल्याकडची सवय थेट या 'ना'तून आलेली दिसते.

सहायकांमधील दुसरा गट शक्यता, परवानगी, बंधन अशा छटा दाखवणाऱ्या क्रियापदांचा. कॅन, कुड, मे, माइट, मस्ट, शॅल, शुड, विल आणि वुड अशी ही नऊ क्रियापदे. त्यांना तृतीय पुरुषी 'एस' लागत नाही, 'आयएनजी' लागत नाही आणि त्यांच्यानंतर 'टू' येत नाही. 'ही कॅन टू स्विम' हे म्हणूनच अशुद्ध. 'नीड' आणि 'डेअर' ही दोन मात्र कधी या गटात तर कधी मुख्य क्रियापदांत वावरतात. 'यू नीड नॉट कम' आणि 'यू डोन्ट नीड टू कम' ही दोन्ही वाक्ये बरोबर आहेत. पहिल्यात 'नीड' सहायक आहे म्हणून 'टू' नाही. दुसऱ्यात मुख्य आहे म्हणून 'डू'ही आले आणि 'टू'ही.

या गटातील शब्दांची किंमत सर्वाधिक जाणवते ती कायद्याच्या कागदपत्रांत. शहरात भाड्याने घर घेणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कधी ना कधी इंग्रजी करारनामा येतो. त्यात भाडेकरू अमुक दुरुस्ती करून देण्यास 'शॅल' असेल, तर ते बंधन आहे. 'मे' असेल, तर ती मुभा. संविधानाच्या तिसऱ्या अनुच्छेदात नवी राज्ये निर्माण करण्याविषयी संसदेच्या संदर्भात 'मे' हे क्रियापद आहे, म्हणजे तो अधिकार आहे, कर्तव्य नव्हे. संदर्भ पाहून न्यायालयांनी काही प्रकरणांत 'मे'चा अर्थ 'शॅल' आणि 'शॅल'चा अर्थ 'मे' असाही लावलेला आहे, ही गोष्ट निराळी. करारावर सही करणाऱ्याने मात्र त्या भरवशावर राहू नये.

सकर्मक आणि अकर्मक

मराठी वाचकाला सर्वात रंजक आणि सर्वात फसवा वाटेल असा हा विभाग. ज्याची क्रिया कर्त्याकडून निघून दुसऱ्या कोणावर जाऊन पोहोचते ते सकर्मक. मराठीत याची एक खूणगाठ भूतकाळात सापडते : क्रियापद सकर्मक असेल तर तृतीय पुरुषी कर्त्याला बहुधा 'ने' लागतो. 'रामाने आंबा खाल्ला', पण 'राम झोपला'. ही कसोटी शंभर टक्के चालत नाही. 'ती धडा शिकली', 'तो नाव विसरला' या वाक्यांत कर्म असूनही 'ने' नाही. तरीही अंदाज बांधायला ती बरी.

इंग्रजीत अशी खूण कर्त्यावर उमटत नाही. तेथे दोन प्रश्न विचारावेत. क्रियापदानंतर लगेच, मध्ये शब्दयोगी न येता, नाम येते काय? आणि ते नाम पुढे आणून वाक्य कर्मणी करता येते काय? 'द कुक बर्न्ट द राइस' याचे 'द राइस वॉज बर्न्ट बाय द कुक' होते, म्हणून येथे 'बर्न' सकर्मक. 'द राइस बर्न्ट' यात कर्मच नाही, म्हणून अकर्मक. 'रिझेम्बल' आणि 'लॅक' यांच्यासारखी मोजकी क्रियापदे कर्म घेऊनही कर्मणी होत नाहीत; तेवढा अपवाद लक्षात ठेवावा.

मराठीत या दोन अर्थांसाठी बहुधा दोन क्रियापदे असतात : जळणे-जाळणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे, मरणे-मारणे, पडणे-पाडणे, शिजणे-शिजवणे. इंग्रजीत 'बर्न', 'ब्रेक', 'कुक', 'सिंक', 'मेल्ट' या एकेका शब्दावर दोन्ही कामे भागतात. आपल्याकडेही 'दार उघडले' आणि 'त्याने दार उघडले', 'काठी मोडली' आणि 'त्याने काठी मोडली' अशी एकाच शब्दाची दुहेरी कामे आहेत, पण ती कमी.

गंमत अशी, की इंग्रजीतही मराठीसारख्या जोड्या शिल्लक आहेत आणि नेमक्या त्याच भल्याभल्यांना चकवतात. 'राइज' म्हणजे वर येणे, वाढणे. 'रेज' म्हणजे वर उचलणे, वाढवणे. 'प्राइसेस रोझ' बरोबर, 'द गव्हर्न्मेंट रेज्ड द प्राइसेस' हेही बरोबर. 'प्राइसेस रेज्ड' मात्र चूक. 'फॉल' म्हणजे पडणे आणि झाड पाडणे या अर्थी 'फेल'. 'लाय' म्हणजे आडवे होणे आणि 'ले' म्हणजे आडवे ठेवणे. या शेवटच्या जोडीत कळस असा, की 'लाय'चे भूतकाळी रूपही 'ले'च. 'लाय-ले-लेन' आणि 'ले-लेड-लेड' अशा या दोन ओळी आहेत. 'खोटे बोलणे' या अर्थाचा 'लाय' आणखी तिसरा, त्याची रूपे 'लाइड-लाइड'. आतल्या स्वरात फरक करून 'पडणे'चे 'पाडणे' करण्याची मराठीची रीत आणि 'फॉल'चे 'फेल' करण्याची जुन्या इंग्रजीची रीत यांतील साम्य पाहून ज्याला कौतुक वाटणार नाही, तो विरळा.

आता चुकांकडे वळू. 'वी डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' यात 'अबाउट' कोठून आले? 'प्रश्नाविषयी चर्चा केली' यातील 'विषयी'मधून. 'ही मॅरीड विथ हर' यातील 'विथ' हा 'तिच्याशी लग्न केले' यातील 'शी' आहे. 'डिस्कस', 'मॅरी', 'एंटर', 'रीच' ही क्रियापदे या अर्थांनी सकर्मक आहेत. त्यांना मध्यस्थ लागत नाही. याच्या उलटही घडते. 'मी गाणी ऐकतो' हे मराठीत थेट सकर्मक, म्हणून 'आय लिसन म्युझिक'. इंग्रजीत 'लिसन' अकर्मक असल्याने 'लिसन टू'. तसेच 'वेट मी' नव्हे, 'वेट फॉर मी'. सहलीहून परतलेले लोक 'वी एन्जॉइड अ लॉट' म्हणतात. 'एन्जॉय'ला रीतसर इंग्रजीत कर्म लागते : 'वी एन्जॉइड द ट्रिप' किंवा 'वी एन्जॉइड अवरसेल्व्हज'. हॉटेलातील वेटर 'एन्जॉय!' एवढेच म्हणतो तेव्हा कर्म ताटात असते, असे मानावे.

दोन कर्मे घेणाऱ्या क्रियापदांत हाच घोळ होतो. 'शी गेव्ह मी अ बुक', 'ही टोल्ड मी अ स्टोरी' ही वाक्ये बरोबर आहेत. त्यांच्याच चालीवर 'एक्सप्लेन मी द रूल' आणि 'ही सेड मी' म्हटले जाते, कारण मराठीत 'मला सांग', 'मला समजावून दे' यांतील 'मला' सगळीकडे सारखाच. 'एक्सप्लेन', 'से', 'सजेस्ट' ही क्रियापदे व्यक्तीला थेट कर्म म्हणून स्वीकारत नाहीत. 'एक्सप्लेन द रूल टू मी' असेच म्हणावे लागते.

अकर्मक क्रियापदाचे कर्मणी होत नाही, हा नियम विसरल्याने 'द अॅक्सिडेंट वॉज हॅपन्ड' असे वाक्य तयार होते. 'हॅपन', 'ऑकर', 'अराइव्ह', 'डाय' यांच्यामागे 'वॉज' लावून कर्मणी रूप होत नाही. भाषांतरात याच्या उलट संकट येते. अपघाताच्या बातमीत इंग्रजी वृत्तसंस्था 'थ्री पीपल वेअर किल्ड' असे सर्रास लिहिते. रूप कर्मणी आहे, म्हणून त्याचे 'तिघे मारले गेले' केले, तर मराठी वाचकाच्या मनात मारणारा उभा राहतो. येथे 'तिघे ठार झाले' हेच योग्य. गोळीबाराच्या बातमीत मात्र 'ठार झाले' लिहिल्याने गोळी झाडणारा पुसट होतो, असा आक्षेप घेतला जातो आणि तो रास्त आहे.

जोड क्रियापदे

'बी', 'सीम', 'बिकम', 'रिमेन' ही क्रियापदे स्वतः फारशी क्रिया सांगत नाहीत. कर्ता आणि त्याचे वर्णन यांना ती जोडतात. कसोटी सोपी आहे. क्रियापदाच्या जागी 'इज' किंवा 'वॉज' ठेवून पाहावे. 'द सूप टेस्टेड सॉल्टी' याचे 'द सूप वॉज सॉल्टी' केले तरी अर्थ टिकतो, म्हणून येथे 'टेस्ट' जोड क्रियापद. 'द कुक टेस्टेड द सूप' याचे 'द कुक वॉज द सूप' केले तर आचाऱ्याचेच सूप होते! तेथे 'टेस्ट' सकर्मक. 'ही ग्रू टायर्ड' आणि 'ही ग्रोज ग्रेप्स', 'द मिल्क टर्न्ड सावर' आणि 'शी टर्न्ड द की' या जोड्यांतही हाच भेद आहे.

याचा व्यवहारातला उपयोग एवढाच, की जोड क्रियापदानंतर विशेषण येते, क्रियाविशेषण नव्हे. 'शी लुक्ड अँग्री' म्हणजे ती रागावलेली दिसली. 'शी लुक्ड अॅट मी अँग्रिली' म्हणजे तिने माझ्याकडे रागाने पाहिले. मराठीत 'दिसणे' आणि 'पाहणे' निरनिराळे असल्याने आपल्याला फरक चटकन कळतो. इंग्रजीत तो त्या 'ली' या शेपटावरूनच ओळखावा लागतो.

कृती की स्थिती?

'आय अॅम हॅविंग अ कार', 'आय अॅम नॉट नोइंग', 'आय अॅम नॉट अंडरस्टँडिंग'. भारतीय इंग्रजीची थट्टा करणाऱ्यांचे हे आवडते खाद्य. मुंबईचे इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांची मिस पुष्पा यांच्या निरोप समारंभावरील कविता तर याच 'आयएनजी'वर उभी आहे.

'रन', 'राइट', 'ईट' या कृती आहेत. त्यांना आरंभ असतो, शेवट असतो आणि त्या मध्यावर असू शकतात, म्हणून त्यांना 'आयएनजी' चालते. 'नो', 'बिलीव्ह', 'ओन', 'बिलाँग', 'कंटेन', 'वाँट' या स्थिती आहेत. त्या असतात किंवा नसतात. इंग्रजी व्याकरणे येथे स्थितिदर्शक क्रियापदांची लांबलचक यादी देतात. मराठी माणसाला यादी पाठ करण्याचे फारसे कारण नाही, कारण आपल्या भाषेने ही विभागणी आधीच करून ठेवलेली आहे. मला माहीत आहे, मला आवडते, मला वाटते, मला हवे आहे, मला कळते, मला आठवते, माझ्याकडे आहे. या सर्व वाक्यांत 'मी' नाही. जाणणारा, आवड असणारा, मालक असणारा मनुष्य मराठीत कर्त्याच्या जागेवरून बाजूला सरकतो आणि 'मला' किंवा 'माझ्याकडे' होऊन बसतो, कारण तो काही करत नसतो. त्याच्या ठायी काही असते. इंग्रजीत सगळीकडेच 'आय' असल्याने हा भेद कर्त्यावर दिसत नाही, 'आयएनजी'च्या अभावात दिसतो. तेव्हा इंग्रजी वाक्य जुळवताना मनातल्या मराठी वाक्यात 'मला' आले, तर 'आयएनजी' लावण्यापूर्वी थांबावे.

ही युक्ती बहुतांश ठिकाणी उपयोगी पडते, सर्वत्र नाही. 'मला शिंक आली' हे 'आय स्नीज्ड' होते आणि शिंकणे ही स्थिती नव्हे. शरीराच्या अशा अनैच्छिक क्रिया वगळाव्यात. शिवाय 'मला आठवत नाहीये', 'मला समजत नाहीये' असे आपण बोलतो, त्यातील चालू काळाचा भास थेट इंग्रजीत उतरतो आणि 'आय अॅम नॉट रिमेंबरिंग' जन्माला येते. येथेही 'मला'कडे पाहावे, 'नाहीये'कडे नव्हे.

काही क्रियापदे मात्र अर्थानुसार कूस बदलतात. 'आय थिंक ही इज राइट' म्हणजे मला वाटते. 'आय अॅम थिंकिंग ऑफ द एक्झाम' म्हणजे मी विचार करतो आहे. 'मला वाटते' आणि 'मी विचार करतो' हा मराठीतील फरक येथे जसाच्या तसा उपयोगी पडतो. 'आय हॅव अ कार', पण 'वी आर हॅविंग लंच', कारण तेथे 'हॅव'चा अर्थ जेवणे हा आहे. मुलाखतीत पत्ता सांगताना 'आय अॅम स्टेइंग इन ठाणे' म्हणणारा उमेदवार ठाण्यात जन्मापासून राहत असला, तरी ब्रिटिश किंवा अमेरिकी श्रोत्याला तो चार दिवसांसाठी पाहुणा म्हणून उतरल्यासारखा वाटतो. कायमच्या वास्तव्यासाठी 'आय लिव्ह इन ठाणे'.

'मॅकडोनाल्ड्स' या कंपनीने २००३ मध्ये 'लव्ह'ला 'आयएनजी' लावून जगभर जाहिरात केली, तेव्हा इंग्रजीच्या अनेक शिक्षकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. पण घोषणा डोक्यात राहिली ती त्या ठेचेमुळेच. क्षणापुरता, चाखता चाखता होणारा आनंद दाखवायचा असेल, तर नियमाला अशी बगल देता येते. नोकरीच्या अर्जात ती देऊ नये.

नियमित आणि अनियमित

हा प्रकार केवळ रूपांचा आहे, अर्थाशी त्याचा संबंध नाही. भूतकाळात शेवटी 'ईडी' लागते ते नियमित. त्या 'ईडी'चे उच्चार तीन : 'वॉक'चे 'वॉक्ट', 'कॉल'चे 'कॉल्ड' आणि 'वाँट'चे 'वाँटेड'. इडसारखा पूर्ण उच्चार फक्त 'ट' आणि 'ड' या ध्वनींनंतर होतो. 'वॉकेड' असा उच्चार करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे कमी नाही.

अनियमित क्रियापदे दोनशेच्या आसपास आहेत, पण बोलण्यात सर्वाधिक वावर त्यांचाच. बी, हॅव, डू, से, मेक, गो, टेक, कम, सी, गेट ही सर्वाधिक वापरली जाणारी दहाही क्रियापदे अनियमित आहेत. रोज तोंडात असलेल्या शब्दांची जुनी रूपे टिकून राहतात. क्वचित वापरातले शब्द हळूहळू 'ईडी'च्या रांगेत जाऊन उभे राहतात. नवे क्रियापद तर जन्मतःच नियमित असते. 'गूगल' हे क्रियापद २००६ मध्ये ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशात दाखल झाले, ते 'गूगल्ड' या भूतकाळासह. 'गो'चे 'वेंट' मुळात 'वेंड' या दुसऱ्याच क्रियापदाचे रूप होते. याचे नवल मराठी माणसाने करू नये, कारण 'जातो'चे 'गेला' आणि 'येतो'चे 'आला' आपण निमूटपणे स्वीकारलेलेच आहे.

काही जोड्यांकडे लक्ष असावे. 'फाइंड'चे 'फाउंड' होते. पण संस्था स्थापन करणे या अर्थाचे 'फाउंड' हे स्वतंत्र नियमित क्रियापद असून त्याचे 'फाउंडेड' होते. 'हँग'चे 'हंग' होते, मात्र फाशीच्या संदर्भात पारंपरिक रूप 'हँग्ड'. 'रीड-रेड-रेड' यांत रोमन लिपीतील अक्षरे तिन्ही ठिकाणी तीच राहतात. देवनागरीत लिहिले की फरक लगेच उघड होतो.

जोडशब्दी क्रियापदे आणि कोशाची मदत

'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'लुक आफ्टर' यांसारख्या क्रियापदांचा अर्थ सुट्या शब्दांवरून लागत नाही. आपल्याकडे 'खाऊन टाकणे' म्हणताना काहीही टाकले जात नाही, तसेच हे. यांतील भेद ओळखण्यासाठी कर्माच्या जागी 'इट' ठेवावे. 'टर्न इट ऑफ' असे 'इट' मध्ये शिरत असेल, तर ते क्रियापद विलग होणारे. 'लुक आफ्टर इट' असे शेवटीच राहत असेल, तर अविलग. 'टर्न ऑफ इट' आणि 'लुक इट आफ्टर' ही दोन्ही वाक्ये चुकीची.

हे सारे ओळखण्याचे सर्वात हाताशी असलेले साधन म्हणजे कोश, पण आपण तो फक्त अर्थासाठी उघडतो. ए. एस. हॉर्नबी यांनी परक्या भाषेतील विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला आणि १९४८ पासून ऑक्सफर्ड प्रकाशित करीत असलेला कोश याच गरजेतून निघाला. कोणते क्रियापद कोणत्या रचनेत बसते, हे दाखवण्यासाठी हॉर्नबी यांनी पंचवीस नमुने ठरवले होते. पुढच्या आवृत्त्यांत ती पद्धत सुटसुटीत झाली, तरी विद्यार्थ्यांसाठीच्या कोशांत, आणि आता त्यांच्या मोबाइलवरील आवृत्त्यांतही, क्रियापदाशेजारी रोमन 'टी' किंवा 'आय' हे अक्षर अथवा पूर्ण शब्द छापलेला असतो. 'टी' म्हणजे सकर्मक, 'आय' म्हणजे अकर्मक. दोन्ही असतील, तर प्रत्येक अर्थापुढे कोणते आहे ते पाहावे. 'डिस्कस'पुढे 'टी' दिसला की 'अबाउट' गळते, 'लिसन'पुढे 'आय' दिसला की 'टू' आठवते. चालू काळात न वापरल्या जाणाऱ्या क्रियापदांपुढे तशी सूचनाही चांगले कोश देतात. ती अर्थाच्या आधी, बारीक टायपात असते.